गोव्यात ताकदीची फोर बाय फोर पिकअप: कुळागर, पावसाळा आणि रॅप्टरचं स्वप्न

कुळागरवाला (धागाकर्ता)

सगळ्यांना नमस्कार. या विभागात थार, जिम्नी, फॉर्च्युनर यांवर भरभरून लिहिलं जातं. मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपवर मात्र गोव्यात राहणाऱ्या कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आमचं कुळागर सत्तरीत, घाटाच्या पायथ्याशी. डांबर संपलं की तांबड्या मातीची वाट, मध्ये एक व्हाळ (ओढा), पुढे चिऱ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जेमतेम गाडीपुरती जागा. आत पोफळी, माड, केळी, मिरवेली. पावसाळ्यात घरी बसून चालत नाही. पोफळीला कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजवणारी बुरशी, लागू नये म्हणून बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पाऊस धरायच्या आत आणि दुसरी भर पावसातल्या उघडीपीत करावी लागते. म्हणजे मोरचूद, चुना, पाण्याची पिंपं, पंप आणि माणसं, सगळं त्याच वाटेने आत न्यायचं, आणि नेमकं ती वाट सगळ्यात वाईट असते तेव्हा. पूर्वी आमच्याकडे बोलेरो कॅम्पर होती आणि तिने खूप सेवा केली. आता टोयोटा हायलक्स आहे, ऑटोमॅटिक.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली. इंजिन फॉर्च्युनरचंच २.८ लिटर डिझेल, २०४ अश्वशक्ती. टॉर्क ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर, मॅन्युअलला ४२०. लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा सांगाडा), मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, लो रेंज (वेग कमी आणि जोर जास्त देणारे गिअर) आणि मागच्या डिफरन्शियलला बटणाने लागणारं, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक. दुसरा पर्याय इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. ती २०१६ पासून इथे आहे, सध्याचं इंजिन १.९ लिटर, १६३ अश्वशक्तीचं. खाजगी वापरासाठी, घरच्यांना बसवून फिरता येईल अशी दमदार डबल कॅब हवी असेल तर आपल्याकडे निवड साधारण इथेच संपते.

गाडी बघून लोक पहिला प्रश्न विचारतात तो ती किती झटकन वेग घेते आणि किती पळते याचा. माझं म्हणणं असं की गोव्यात या गाडीचा कस चालण्याच्या वेगाला लागतो. व्हाळातून वर चढताना काटा ताशी पाच-सात किलोमीटरवर असतो. तिथे कामाला येतो तो लो रेंजमधला संथ, न तुटणारा जोर, टायरची पकड, आणि एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला फिरवणारं लॉक. कुणी गाडीवर वरचा पैसा घालणार असेल तर इंजिनचा रिमॅप (ताकद वाढवायला संगणकातली मांडणी बदलणं) करण्याआधी टायर, शॉक अब्सॉर्बर आणि गाडीच्या पोटाखालचे पत्रे यांवर घाला, हे मी मनापासून सांगतो.

तुमचे अनुभव लिहा. खारं वारं, गंज, फेरीबोट, घाट, सगळं चालेल.

परतलेला_आखाती

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी बरीच वर्षं अमिरातीत होतो. तिथे फोर्ड एफ-१५० रॅप्टर चालवली आहे, स्वतःची होती. त्यामुळे वेगाबद्दल तुम्ही जे म्हणता त्यात थोडी भर घालतो.

रॅप्टर म्हणजे मोठं इंजिन अशी आपल्याकडे समजूत आहे. पहिली रॅप्टर २०१० ची, व्ही-एट इंजिनाची. दुसऱ्या पिढीपासून ३.५ लिटर ट्विन-टर्बो व्ही-सिक्स आलं, ४५० अश्वशक्ती. २०२३ च्या रॅप्टर आर मध्ये पुन्हा सुपरचार्ज्ड व्ही-एट, ७०० अश्वशक्ती. हे आकडे खरे, पण ती गाडी वेगळी ठरते ती फॉक्स कंपनीच्या शॉक अब्सॉर्बरमुळे आणि चाकांना वर-खाली जायला मिळणाऱ्या लांब पल्ल्यामुळे. २०२१ पासून तर मागच्या पाट्याच काढून टाकल्या, कॉइल स्प्रिंगा आणि पाच दांड्यांची रचना आली. लिवाच्या वाळवंटात उंचवट्यावरून भरधाव गाडी उडते आणि खाली येते, तेव्हा शॉकमधलं तेल तापतं आणि साध्या शॉकचा दम संपतो. यातला संपत नाही, कारण तेल जास्त आणि धक्का जसजसा खोल जाईल तसतसा विरोध वाढत जाणारा. ‘हाय-परफॉर्मन्स’ म्हणतात ते याला.

आता प्रामाणिक प्रश्न. मी कायमचा परत आलोय, काणकोणात वडिलोपार्जित घर आहे. अशी गाडी इथे आणता येते का?

कागदपत्र

@परतलेला_आखाती, एफ-१५० विसरा. ती फक्त डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची बनते, आणि आपल्याकडे आयात करून नोंदवायची तर गाडी उजव्या स्टिअरिंगची हवी. वापरलेली गाडी आणायची म्हटलं तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे, आणि इथल्या निकषांवर तिची चाचणी होते. वर सीमाशुल्क एवढं की गाडीची किंमत दुपटीच्या पलीकडे जाते. कार्ने नावाच्या कागदावर परदेशी नोंदणीची गाडी काही महिन्यांसाठी फिरवायला आणता येते, पण ती परत न्यावीच लागते.

उजव्या स्टिअरिंगची रेंजर रॅप्टर आहे, थायलंडमध्ये बनते. २०२२ पासून ३ लिटर ट्विन-टर्बो व्ही-सिक्स पेट्रोल, ३९७ अश्वशक्ती, पुढे-मागे दोन्हीकडे लॉक, मागे कॉइल. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि ही गाडी इथे कधी विक्रीला आलीच नाही. एकट्याने आणलीत तरी सुटे भाग आणि सेन्सर वाचणारं यंत्र कुठून आणणार?

परतलेला_आखाती

@कागदपत्र, सविस्तर उत्तराबद्दल धन्यवाद. मनातली आशा आज संपली, पण बरं झालं स्पष्ट कळलं. शिवाय एफ-१५० रॅप्टर आरसे सोडून २.२ मीटर रुंद आणि ५.९ मीटर लांब. आमच्या वाड्यातल्या (वस्तीतल्या) वाटेवर समोरून दुधाची रिक्षा आली तरी कुणीतरी मागे जावं लागतं. त्या गाडीला वाळवंट हवं आणि ते आपल्याकडे नाही.

हणजुणे_बीच

वाळवंट नसलं तरी किनारा आहे की. ओहोटीला ओली घट्ट वाळू, फोर बाय फोर हायलक्स, मस्त व्हिडिओ होईल. सकाळी लवकर कुणी नसतं. कुणी नेली आहे का?

किनाऱ्यावरची

कृपया नेऊ नका, आणि इथे तसा सल्लाही कुणी देऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला कायद्याने बंदी आहे. पोलीस गुन्हा नोंदवतात, गाडी जप्त होते, आणि भाड्याची असेल तर मालकही अडकतो.

कायद्यापेक्षा महत्त्वाचं सांगते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नोव्हेंबरपासून पुढे काही महिने मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, अंडी पुरते आणि निघून जाते. वरून काही दिसत नाही. वनखात्याची माणसं आणि गावातले लोक रात्रभर जागून घरटी शोधतात, कुंपण घालतात. ज्या घरट्याला अजून कुंपण पडलेलं नाही त्यावरून दोन टनांची गाडी गेली तर सगळं संपलं. वाळू दाबली गेली तर आतली पिल्लं वर येऊच शकत नाहीत. चाकोरी खोल राहिली तर बाहेर आलेली पिल्लं तिच्यात अडकून समुद्रापर्यंत पोचत नाहीत. अंड्यांना उबायला पन्नासेक दिवस लागतात, तेवढे दिवस ती जागा सुरक्षित राहायला हवी. आमच्या गावात लहान मुलांनाही हे ठाऊक आहे.

कुळागरवाला

@किनाऱ्यावरची, शंभर टक्के अनुमोदन.

@हणजुणे_बीच, राग मानू नका. गाडीच्या दृष्टीनेही तो सौदा वाईट आहे. खारं पाणी चेसिसच्या पोकळ नळीत शिरलं की धुऊन निघत नाही. आणि ओहोटीला रुतलात तर भरती यायला सहा तास असतात, त्यातले पहिले दोन आपण फोन करण्यात घालवतो.

हणजुणे_बीच

कासवांचं खरंच माहीत नव्हतं. नाही नेणार. मग गोव्यात न्यायची कुठे? दूधसागर?

मोलेची_वाट

तेही नाही. कुळेहून दूधसागरकडे जाणारा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो आणि तिथे स्थानिक जीपवाल्यांच्याच गाड्यांना परवानगी असते. पावसाळ्यात तर त्याही बंद. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यंसुद्धा हौशी ऑफ-रोडिंगसाठी नाहीत.

डिचोली-सांग्याकडच्या बंद खाणींवर काही जण जातात. २०१२ मध्ये आणि मधे सुरू होऊन पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, त्यामुळे काही मोकळ्या दिसतात खऱ्या, पण ती जागा कुणाच्या ना कुणाच्या ताब्यातली असते. मातीच्या ढिगाऱ्याचा काठ पावसात आतून पोकळ होतो आणि खाली खंदकात किती पाणी आहे हे वरून समजत नाही. माझ्या मते तिथे पाय ठेवू नये.

राहिलं काय? स्वतःची किंवा ओळखीच्या माणसाची जमीन, मालकाला विचारून. शिवाय रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा २०१४ पासून गोव्यातच भर पावसात भरत आली आहे. ती एकदा जाऊन बघा. विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) कशी लावतात, सहचालक चिखलात उतरून झाडाला इजा न होऊ देता पट्टा कसा बांधतो, हे बघण्यासारखं असतं. त्या गाड्या म्हणजे छोट्या व्हीलबेसच्या, उघड्या, पूर्ण बदललेल्या जिप्स्या आणि जीपा. पिकअप तिथे फारशी दिसत नाही, आणि का दिसत नाही तेही तिथेच कळतं.

चिऱ्याची_वाट

ते ‘का’ मी सांगतो, कारण माझ्याकडे थार आहे आणि भावाकडे व्ही-क्रॉस, दोन्ही एकाच वाटेवर चालतात.

थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, हायलक्सचा ३०८५. दोन्ही अॅक्सलमधलं अंतर वाढलं की उंचवट्यावर पोट टेकतं. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अजून अलीकडे, आणि मधला भाग दगडावर. मग किती टॉर्क आहे याला अर्थ उरत नाही, कारण चाकांवर वजनच राहत नाही. मागची बाजूही तशीच. हायलक्सचा डिपार्चर अँगल (मागचा बंपर न घासता किती तीव्र उतार सोडता येतो तो कोन) २६ अंश, थारचा ३६ च्या पुढे. खोल चरातून वर येताना पिकअपचा मागचा बंपर आधी जमीन खणतो. त्यावर उपाय म्हणजे सरळ न जाता चर तिरका घेणं, एका वेळी एकच चाक खाली जाईल असं.

पण पिकअपला एक मोठं सुखही आहे. लांब व्हीलबेसमुळे निसरड्या चढावर ती सरळ रेषेत राहते. थार तिथे ढुंगण फिरवते.

केरीची_बाय

मी या धाग्यावर बहुधा पहिली अशी जिच्यासाठी पिकअप ही हौस नाही. गाईगुरं आहेत, थोडी पोफळ आहे, आणि सेकंडहँड व्ही-क्रॉस मीच चालवते. चार मुद्दे लिहिते.

रिकामी असताना पाट्यांची पिकअप मागून उडते, खास करून खड्डे पडलेल्या डांबरावर आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर. पावसात ते धोक्याचं आहे, कारण मागची चाकं हलकी असतात. आम्ही पावसाळ्यात हौद्यात मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती घट्ट बांधून ठेवतो. गाडी बसते आणि शांत चालते. पोती मोकळी ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर ती पुढे येऊन केबिनवर आदळतात.

पेंडीची पोती ओली झाली तर बुरशी येते आणि जनावरं आजारी पडतात. ताडपत्रीने मोठा पाऊस थांबतो, पण चालत्या गाडीमागे जे पाणी भोवऱ्यासारखं आत येतं ते थांबत नाही. मी शेवटी हौद्यावर पत्र्याचं झाकण बसवून घेतलं. अॅक्सेसरी बसवली की विमा कंपनीला लेखी कळवा.

टायरच्या बाबतीत दुकानदार मड-टेरेन गळ्यात मारायला बघतो. आपलं नव्वद टक्के फिरणं ओल्या डांबरावर असतं, तिथे मड टायर लांबवर घसरतो. ऑल-टेरेन पुरे. माप कंपनीचंच ठेवा.

आणि बायकांसाठी: उंचीला घाबरू नका. सीटवरून रस्ता लांबपर्यंत दिसतो, स्टिअरिंग हलकं आहे. वळायला जागा जास्त लागते एवढं लक्षात ठेवलं की झालं. माझ्या सासूबाई सुरुवातीला बसायला तयार नव्हत्या, आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला याच गाडीतून जायचं म्हणतात.

सांगेकर_माणूस

+१ वाळूच्या पोत्यांना. केरीची बाय, फार कामाचं लिहिलंत.

दिवाडीहून

फेरीबोटीबद्दल विचारलंय म्हणून. आमच्या बेटावर पूल नाही, रोजचं येणं-जाणं फेरीने. भरतीला रॅम्प जवळजवळ सपाट असतो, काही प्रश्न नाही. मोठ्या ओहोटीला बोट खाली बसते आणि धक्क्याच्या उतारावर रॅम्पचा कोन तीव्र होतो. तिथे लांब शेपटीची गाडी चढताना मागचा बंपर किंवा खाली टांगलेलं स्टेपनी टायर घासतं. थोडं तिरकं, अगदी हळू घ्या, आणि बोटीवरच्या खलाशाच्या हाताकडे बघा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. पाच मीटरच्या वरची गाडी म्हटल्यावर मागच्या दोन स्कूटरवाल्यांची जागा आपण घेतो, म्हणून ऑफिसच्या वेळा टाळाव्यात असं मला वाटतं.

खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावर मात्र पिकअप नेऊ नका. बांध मातीचा, आतून खेकड्यांनी पोखरलेला. तो फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि गावाचं पीक जातं.

फोंड्याचं_गॅरेज

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितोच. डिझेल गाड्यांचंच काम करतो. मोठा प्रतिसाद आहे, सावकाश वाचा.

पहिलं डीपीएफ. नव्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्त डिझेल जाळून गाळणी तापवते आणि काजळीची राख करते. त्यासाठी बऱ्यापैकी वेगात, न थांबता, वीसेक मिनिटं चालणं लागतं. गोव्यात अंतरं छोटी. घर ते ऑफिस आठ किलोमीटर, मध्ये सिग्नल, मग गाडी बंद. जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा पुन्हा राहतं, आणि एक दिवस दिवा लागून गाडी ताकद कमी करून चालू लागते. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच तब्येतीने ठणठणीत असतात, फक्त त्यांना मोकळा रस्ता मिळालेला नसतो. आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून काणकोणपर्यंत जाऊन या, करमळ घाटात इंजिनला नीट जोर लागू द्या. कुणी गाळणी काढून टाकायला सांगेल, ते करू नका. बेकायदा आहे आणि धूर आपल्याच मुलांच्या नाकात जातो.

दुसरं पाणी. हायलक्सची पाण्यातून जाण्याची खोली कंपनी ७०० मिलिमीटर सांगते. तो आकडा साचलेल्या, स्थिर पाण्याचा समजा. वाहतं पाणी वेगळं. रिकाम्या हौद्याची मागची बाजू हलकी असते, गुडघ्याएवढ्या जोराच्या प्रवाहातही ती बाजूला सरकू शकते. सत्तरीत वर घाटात पाऊस पडला की इकडे ऊन असताना व्हाळ फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की थांबायचं. आधी काठी घेऊन माणसाने चालून बघायचं, तळ दगडाचा की चिखलाचा. मग लो रेंज, पहिला गिअर, एकसारखा वेग, पुढे छोटी लाट राहील एवढा. मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. गोव्यात ते घ्याच.

पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं तेल बघा. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढून घेते. तेल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. ब्रीदरची नळी वर बॉनेटपर्यंत नेणं हे स्वस्तातलं सगळ्यात चांगलं काम आहे.

तिसरं गंज, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपली तांबडी माती चेसिसच्या कोपऱ्यांत, पाट्यांच्या मध्ये, चाकांच्या कमानीत बसते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. वर किनाऱ्यावरची खारी हवा. लोक गाडी वरून चमकवतात आणि पोटाखाली बघत नाहीत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रॅम्पवर घेऊन खालून प्रेशरने धुवा, पण रेडिएटर, वायरिंगचे जोड आणि सीलवर थेट फवारा नको. पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात खारट होतात, त्या पाण्याने चेसिस धुणं म्हणजे गंज लावणं. एप्रिल-मेमध्ये गाडी पूर्ण कोरडी असताना पोकळ भागांत मेण मारून घ्या. चेसिसमधली पाणी निघायची भोकं बुजलेली नाहीत ना, हे तारेने बघा.

चौथं, फोर-व्हील कधी लावायची. या दोन्ही पिकअपना मधलं डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून वळलात की पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये पीळ पडतो, गाडी अडखळते आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. चिखल, माती, सैल खडी इथेच लावा. पण पंधरवड्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर जरूर लावा, नाहीतर वर्षभर न फिरलेली यंत्रणा ऐन पावसात अडून बसते.

कुळागरवाला

@फोंड्याचं_गॅरेज, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठ्या मोलाचा आहे. मनापासून आभार. व्हाळ फुगण्याचं आमच्याकडचं सगळ्यात जुनं माणूस असंच सांगायचं: पाण्याचा रंग बदलला की बैलगाडी वळवायची.

म्हापसा_नवखा

सगळं वाचलं. विचारायचं होतं, काळे अॅलॉय, तीन इंची लिफ्ट, समोर लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची पट्टी, एवढं करायचं म्हटलं तर अडचण येते का? आणि रुतली तर काय काय जवळ ठेवायचं?

कागदपत्र

लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. त्यामुळे धडक बसली तर पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडतं. लिफ्ट आणि इतर मोठे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. छतावरचे दिवे समोरच्याला आंधळं करतात, चोर्ल्यात रात्री मी ते भोगलंय.

मोलेची_वाट

रुतल्यावर: आधी टायरमधली हवा कमी करा, अठरा-वीस पीएसआयपर्यंत. निम्म्या वेळा एवढ्यानेच गाडी निघते. म्हणून प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा कंप्रेसर हवाच, डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची असते. फावडं, चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड, ताणला जाणारा काइनेटिक दोर आणि रेटिंग कोरलेले दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या). दोर नेहमी चेसिसच्या रिकव्हरी हुकाला. ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटून उडाला तर माणूस मरतो. ओढताना सगळ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं राहायचं आणि दोरावर ओलं पोतं टाकायचं. एकट्याने जाऊ नका. सत्तरीत आत मोबाइलला रेंज नसते, घरी वेळ सांगून निघा.

परतलेला_आखाती

मी ठरवलं. हायलक्स ऑटोमॅटिक घेतोय. मागच्या शॉकच्या बाबतीत मात्र माझा हट्ट आहे. कंपनीच्याच उंचीचे, चांगल्या प्रतीचे शॉक टाकणार, बाकी काही बदलणार नाही. काणकोणातली वाट कुळागराएवढी अवघड नाही, पण करमळ घाट रोजचा आहे. घेण्याआधी एखादी गाडी माल भरून चालवायला मिळाली असती तर बरं झालं असतं. शोरूमवाले रिकामीच देतात, आणि तीही महामार्गावर.

कुळागरवाला

@परतलेला_आखाती, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पाऊस उघडला की आमच्याकडे या. सुपारीची पोती हौद्यात भरून देतो, व्हाळापासून वर तुम्हीच चालवा. येताना तुमच्या वाड्यातल्या सगळ्यात अरुंद जागेचं माप घेऊन या. गाडी आरसे सोडून १८५५ मिलिमीटर रुंद आहे, आरसे धरूनही दोन्ही बाजूंना वीतभर तरी सुटलं पाहिजे. तेवढं सुटत नसेल तर बुकिंग करण्याआधी गडगा हलवायचा की गाडी बदलायची, ते घरच्यांशी बोलून घ्या.

परतलेला_आखाती

व्यनि मिळाला. मोजलं, आंब्याजवळच्या वळणावर अडतंय, सरळ भागात सुटतं. त्या वळणावरचा गडगा चुलत्यांचा आहे, त्यांच्याशी बोलतो आणि येतो.